प्रोपेनवर गाडी चालवायला खरोखर किती खर्च येतो? हिशेबाची पूर्ण पद्धत

पंपावर पेट्रोलच्या भावाखाली प्रोपेनचा भाव लिहिलेला असतो. तो बराच कमी दिसतो आणि लगेच मनात वजाबाकी सुरू होते: लिटरमागे इतके वाचले, म्हणजे महिन्याला इतके, वर्षाला इतके. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. गाडी गॅसवर चालवणारं किट बसवून काही महिने गेल्यावर वही उघडली, तर बचत अपेक्षेच्या जेमतेम निम्मी निघाली. गाडीत दोष नव्हता, गॅसमध्येही नव्हता. जिथे भागाकार करायला हवा होता तिथे मी वजाबाकी केली होती.

हा भागाकार कसा करायचा, त्यात कोणते खर्च धरायचे आणि कोणते लोक हमखास विसरतात, ते इथे क्रमाने मांडलं आहे. भाव जागोजागी वेगळे असतात आणि आठवड्यागणिक हलतात, म्हणून उदाहरणांत पेट्रोलचा भाव सरसकट १०० धरला आहे. तुमच्या पंपावरचे आकडे त्या जागी घाला.

पायरी १: नळीतून नेमकं काय येतंय?

‘प्रोपेन’, ‘एलपीजी’ आणि ‘ऑटोगॅस’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण हिशेबाच्या दृष्टीने ते एक नाहीत. अमेरिकेत वाहनांसाठी एचडी-५ या दर्जाचं प्रोपेन चालतं. त्यात किमान ९० टक्के प्रोपेन असावं लागतं आणि प्रोपिलीन ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. युरोपात, तुर्कस्तानात आणि इतर बऱ्याच देशांत पंपावर मिळतं ते प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ते ऋतूप्रमाणे बदलतं: थंडीत प्रोपेन जास्त, उन्हाळ्यात ब्युटेन जास्त. कारण साधं आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं, तर ब्युटेन शून्याच्या जवळपास. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनची वाफ होत नाही आणि टाकीत पुरेसा दाब राहत नाही.

खिशाशी याचा संबंध असा की ब्युटेन जड असतं. लिटरभर द्रवरूप प्रोपेनचं वजन १५ अंश तापमानाला सुमारे ५१० ग्रॅम भरतं, ब्युटेनचं ५८० च्या आसपास. त्यामुळे मिश्रणात ब्युटेन जितकं जास्त, तितकी लिटरमागे ऊर्जा जास्त. हिवाळ्यात गॅसवर गाडी कमी किलोमीटर देते अशी तक्रार असते, त्यामागे गार इंजिन हे एक कारण असतं आणि बदललेलं मिश्रण हे दुसरं.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. घरगुती वापराचा गॅस वाहनात भरून पैसे वाचवायची युक्ती कुणी ना कुणी सांगतंच. ती हिशेबात धरू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे, कारण घरगुती गॅसवरचा कर किंवा सवलत वेगळी असते. शिवाय रचनाच वेगळी आहे: घरगुती सिलिंडर वरून वाफ देतो, गाडीची टाकी तळातून द्रव घेते. गाडीच्या टाकीला ८० टक्क्यांवर भरणा थांबवणारी झडप, नळी तुटल्यास प्रवाह अडवणारी झडप आणि दाब सोडणारी झडप असते. घरी जुळवलेल्या नळ्यांना यातलं काहीच नसतं.

पायरी २: माप एक करून घ्या

कुठे भाव लिटरमागे असतो, कुठे किलोमागे, कुठे गॅलनमागे. आधी सगळं लिटरवर आणा.

भाव किलोचा असेल, तर शुद्ध प्रोपेनसाठी त्याला ०.५१ ने गुणा. मिश्रण असेल, तर प्रमाणानुसार ०.५३ ते ०.५५ धरा. अमेरिकी गॅलन असेल, तर भावाला ३.७८५ ने भागा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, हे विसरलं तर गणित वीस टक्क्यांनी फसतं.

किलोचा भाव पाहून घाबरणारेही असतात. एक किलो प्रोपेन म्हणजे जवळपास दोन लिटर द्रव, आणि त्यात सुमारे १.४४ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. वजनाच्या मापात प्रोपेन पेट्रोलपेक्षा किंचित सरसच आहे, किलोमागे सुमारे ४६ मेगाज्यूल (ऊर्जेचं एकक). मार खातं ते हलकेपणामुळे.

तापमानाचाही एक बारकावा आहे. द्रवरूप प्रोपेन उष्णतेने फार फुगतं. १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलं की त्याच लिटरात सुमारे ६ टक्के कमी वजन मावतं. चांगल्या पंपावरचं मीटर हे वाचून लिटरचा आकडा १५ अंशांच्या हिशेबाने दुरुस्त करून दाखवतं. मीटर तसं आहे का, हे पंपावर विचारा. नसेल, तर कडक उन्हात दुपारी भरलेल्या टाकीचे पैसे तुम्ही पूर्ण मोजता आणि गॅस थोडा कमी नेता. आणि किलोने विक्री होत असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर किलोचा भाव जास्त प्रामाणिक.

पायरी ३: भागाकार

लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर प्रोपेनमध्ये सुमारे २३.५. म्हणजे प्रोपेनचा लिटर पेट्रोलच्या लिटरच्या ७३ टक्के. उलटं मांडलं तर एका लिटर पेट्रोलचं काम करायला १.३६ लिटर प्रोपेन लागावं.

प्रत्यक्ष रस्त्यावर हा आकडा १.२ ते १.३५ च्या दरम्यान कुठेही येतो. तो खाली येण्याची कारणं तीन. पहिलं, मिश्रणातलं ब्युटेन. दुसरं, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल, तर पेट्रोलचाच लिटर कमजोर झालेला असतो: १० टक्के इथेनॉलने त्याची ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी घटते, २० टक्क्यांनी सहा-सात टक्क्यांनी. तिसरं, प्रोपेनचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता. संशोधन पद्धतीने मोजलेला प्रोपेनचा ऑक्टेन ११० च्या वर जातो, त्यामुळे इंजिन ठोकत नाही. खास प्रोपेनसाठी जास्त कॉम्प्रेशनने बांधलेलं इंजिन याचा पुरेपूर फायदा घेतं. पेट्रोलच्या इंजिनावर नंतर बसवलेल्या किटला तो फारसा मिळत नाही.

या आकड्याला मी पुढे ‘गुणक’ म्हणणार आहे. अजून गाडी गॅसवर केली नसेल, तर गुणक १.३ धरून चाला. आता खरा प्रश्न: प्रोपेनचा भाव पेट्रोलच्या भावाच्या किती पट आहे? प्रोपेनच्या भावाला पेट्रोलच्या भावाने भागा. उत्तर १ ÷ १.३, म्हणजे ०.७७ पेक्षा कमी आलं तरच इंधनावर पैसे वाचतात. ०.७७ च्या बरोबरीला आलं तर तुम्ही फक्त टाकी बदलली, खर्च तोच राहिला. गुणक १.२ असेल तर ही सीमा ०.८३ वर जाते, १.३६ असेल तर ०.७४ वर येते.

फलकावर पेट्रोल १०० आणि प्रोपेन ७५ दिसलं की लोकांना पंचवीस टक्के सूट वाटते. भागाकार सांगतो की हातात जेमतेम काही उरतं, आणि किटचा पैसा तर कधीच वसूल होत नाही. उलट प्रोपेन ५० ला मिळत असेल, तर एका लिटर पेट्रोलच्या कामाला ६५ लागतात आणि बचत थेट ३५ टक्के. घराबाहेर पडण्याआधी तोंडी करता येईल असं हे एकच गणित आहे, आणि गाडी गॅसवर करायची की नाही याचा निम्म्याहून जास्त निर्णय त्यातच होतो.

पायरी ४: आपल्या गाडीचा गुणक मोजा

किट बसवून देणारे सांगतात तो गुणक नेहमी उजळ असतो. आपल्या गाडीचा आपण मोजावा. पद्धत टाकी-ते-टाकीच, पण गॅसच्या टाकीला एक खोड असते. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरता येते. गॅसची भरणा-झडप तरंगत्या गोळ्याच्या आधाराने ८० टक्क्यांच्या आसपास बंद होते, आणि गाडी उतारावर किंचित कललेली असली तरी ती आधी किंवा उशिरा बंद होते. एकाच भरण्यावर ॲव्हरेज काढलं तर एकदा भलतंच चांगलं येतं, पुढच्या वेळी भलतंच वाईट.

म्हणून असं करा. शक्यतो एकाच पंपावर, एकाच नळीला, गाडी त्याच दिशेला उभी करून भरा. सलग पाच-सहा भरण्यांचे लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवा आणि शेवटी एकूण किलोमीटरना एकूण लिटरनी भागा. डॅशबोर्डजवळच्या स्विचवर चार-पाच दिव्यांनी गॅसची पातळी दिसते, तिच्यावर हिशेब करू नका. ती फक्त ‘आहे’ आणि ‘संपत आलाय’ एवढं सांगण्यापुरती. त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत पेट्रोलचं ॲव्हरेज घ्या. पेट्रोलच्या आकड्याला गॅसच्या आकड्याने भागलं की गुणक मिळाला.

उदाहरण द्यायचं तर पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर आणि गॅसवर ११.५ येत असतील, तर गुणक १.३.

गुणक १.४ च्या वर येत असेल, तर गॅसला दोष देण्याआधी ट्यूनिंग तपासून घ्या. गॅस इंजेक्टरांचं कॅलिब्रेशन चुकलं की मिश्रणात हवेच्या मानाने गॅस जास्त होतो, गाडी छान ओढते आणि गॅस पितेही छान.

पायरी ५: गॅसवर चालणारी गाडी पेट्रोलही पिते

हा खर्च बहुतेकांच्या वहीत नसतो. आजच्या सिक्वेन्शियल किटमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस देणाऱ्या किटमध्ये, द्रवरूप प्रोपेन रिड्यूसरमध्ये (दाब कमी करणाऱ्या भागात) येतं आणि तिथे त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती इंजिनाच्या कूलंटमधून घेतली जाते. इंजिन गार असताना गॅस सोडला, तर रिड्यूसर गोठतो. म्हणून गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट साधारण ३० ते ४० अंशांवर आलं की आपोआप गॅसवर जाते.

रोज पन्नास किलोमीटर सलग जाणाऱ्याला याची झळ लागत नाही, एकूण अंतराच्या पाचेक टक्के पेट्रोलवर जातात. पण ज्याची प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची असते आणि मध्ये गाडी पूर्ण गार होते, त्याची गाडी थंडीत निम्मं अंतरसुद्धा पेट्रोलवर काटू शकते. त्यातून गार इंजिन पेट्रोल जास्तच पितं. अशा वापराला किट घेऊ नये असं माझं सरळ मत आहे.

प्रोपेन द्रवरूपातच इंजेक्ट करणाऱ्या यंत्रणाही आहेत. त्यात वाफ करायची भानगड नसल्याने गॅसवर लवकर जाता येतं, काही थेट गॅसवरच सुरू होतात, आणि ताकदही जवळपास पेट्रोलइतकी राहते. वाफेच्या किटमध्ये वाफ सिलिंडरमधली हवेची जागा अडवते आणि पिकअप थोडा मंदावतो. द्रव-इंजेक्शन महाग असतं आणि टाकीतल्या पंपाची दुरुस्तीही महाग असते.

पायरी ६: वर्षाचा ताळेबंद

आता सगळं एकत्र करू. गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर चालते, पेट्रोलवर लिटरला १५ देते, गुणक १.३, पेट्रोल १०० आणि प्रोपेन ६०. पाच टक्के अंतराचं काम पेट्रोलवर होतं.

नुसत्या पेट्रोलवर: १,२०० लिटर, खर्च १,२०,०००.

किट बसवल्यावर: ६० लिटर पेट्रोलचे ६,०००. उरलेल्या १,१४० लिटरच्या कामाला १.३ पट, म्हणजे १,४८२ लिटर प्रोपेन, त्याचे ८८,९२०. एकूण ९४,९२०.

बचत २५,०८०. वजाबाकी करणारा माणूस इथे लिटरमागे ४० गुणिले १,२०० करून ४८,००० मोजून बसलेला असतो. माझ्या वहीतली ‘जेमतेम निम्मी’ बचत ती हीच.

त्यातून गॅस यंत्रणेच्या देखभालीचे वर्षाला ४,००० काढा, उरले २१,०८०. किटचा बसवण्यासकट खर्च ६०,००० धरला, तर तो वसूल व्हायला २ वर्षं १० महिने लागतात.

आता एकच आकडा हलवून बघा. प्रोपेन ६० ऐवजी ७० झालं, तर वर्षाचा खर्च १,०९,७४० होतो, देखभाल वजा करून बचत उरते ६,२६० आणि परतफेडीला साडेनऊ वर्षं लागतात. प्रोपेन फक्त दहाने वाढलं आणि तीन वर्षांची गोष्ट दहाच्या घरात गेली. दुसरा आकडा हलवा: प्रोपेन पुन्हा ६०, पण फेऱ्या छोट्या असल्याने पंचवीस टक्के काम पेट्रोलवर. खर्च १,००,२००, निव्वळ बचत १५,८००, परतफेड ३.८ वर्षं.

तुमचा तक्ता करताना भावाचं गुणोत्तर आजचं एकच धरू नका. आजचं, गेल्या दोन-तीन वर्षांतलं सगळ्यात वाईट आणि त्यांच्या मधलं, असे तीन आकडे घाला. सगळ्यात वाईट आकड्यालाही गाडी विकायच्या आत पैसे वसूल होत असतील, तर डोळे झाकून किट बसवा. फक्त आजच्याच आकड्याला होत असतील, तर तुम्ही भावावर पैज लावताय.

पायरी ७: देखभालीत काय धरायचं, काय नाही

गॅसचे फिल्टर ठरावीक अंतराने बदलावे लागतात, किटनुसार १० ते २० हजार किलोमीटरला. रिड्यूसरमध्ये तेलकट गाळ साचतो, तो काढून टाकायचा असतो, आणि काही वर्षांनी त्याचे पडदे बदलावे लागतात. इंजेक्टर झिजतात. प्रोपेन पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर अजून वर्षभर चालले असते असे प्लग आणि कॉइल गॅसवर आधी कुरकुरतात. गाडी गॅसवर झटके देते आणि पेट्रोलवर गुळगुळीत चालते, तेव्हा सगळ्यात आधी प्लग बदलून बघा. किट उघडायला नंतर वेळ आहे.

खरा जपायचा भाग म्हणजे व्हॉल्व्ह. ज्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्या) मऊ धातूच्या असतात, त्यांत गॅसवर सीट लवकर झिजतात आणि व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातात. क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) वेळोवेळी मोजून घेतला नाही, तर शेवटी हेड उतरवावं लागतं आणि दोन वर्षांची बचत एका दुपारी जाते. किट घेण्याआधी त्याच मॉडेलच्या त्याच इंजिनावर गॅसवर लाखभर किलोमीटर झालेल्या गाड्या आहेत का, हे किट बसवणाऱ्याला आणि किट न विकणाऱ्या मेकॅनिकलाही विचारा. दुसऱ्याचं उत्तर जास्त कामाचं.

जमेच्या बाजूला ऑइल स्वच्छ राहतं. प्रोपेन वाफेच्या रूपात येत असल्याने सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेत नाही आणि काजळी कमी साचते. ऑइल काळं दिसत नाही म्हणून बदलायचं लांबवू मात्र नका. त्याचे गुण उष्णतेनेही संपतात. म्हणून ऑइलवरची बचत माझ्या ताळेबंदात शून्य.

टाकीचा खर्च वेगळ्या रकान्यात ठेवा. अनेक देशांत टाकीला दहा वर्षांची मुदत असते, त्यानंतर पुनर्चाचणी करा किंवा बदला. शिवाय गॅसच्या जोडणीची नोंद वाहनाच्या कागदपत्रांवर चढवण्याचं शुल्क, तपासणी, विम्यातला बदल. कर कुठे लिटरवर लागतो, कुठे वजनावर, कुठे ऊर्जेच्या प्रमाणात. लिटरला पेट्रोलइतकाच कर लावला, तर ऊर्जेच्या हिशेबात प्रोपेनवर जास्तच कर बसतो. काही ठिकाणी पंपावर कर न घेता गॅसच्या गाडीकडून वार्षिक ठोक रक्कम घेतात. कमी फिरणाऱ्याला ती जड जाते.

पायरी ८: जागा, पल्ला, पंपापर्यंतचा फेरा

गोल चपटी टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते, म्हणजे स्टेपनी डिकीत येते किंवा घरी राहते. टाकीवर ६० लिटर लिहिलं असलं तरी भरायचे ४८ च. गुणक १.३ धरला तर ते ३७ लिटर पेट्रोलएवढे, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गाडीला साडेपाचशे किलोमीटर.

पंप वाटेवर नसेल, तर प्रत्येक भरण्याला जाऊन-येऊन २० किलोमीटर वाकडी वाट होते आणि पल्ल्याचे साडेतीन टक्क्यांहून जास्त तिथेच जातात. टाकी तळाला जाईपर्यंत कुणी थांबत नाही, त्यामुळे व्यवहारात चार-पाच टक्के धरा आणि गुणकात मिसळून टाका: १.३ चा १.३६ होतो. शिवाय प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असल्याने ती खाली साचते, म्हणून काही ठिकाणी तळघरातल्या पार्किंगमध्ये गॅसच्या गाड्यांना मनाई असते. तुमचं रोजचं पार्किंग तसं असेल, तर दुसऱ्या जागेचं भाडं हाही इंधनाचाच खर्च समजा.

डिझेल आणि सीएनजीशी तुलना

डिझेलशी झुंज अवघड आहे. डिझेलच्या लिटरात सुमारे ३६ मेगाज्यूल असतात, म्हणजे नुसत्या ऊर्जेने गुणक दीडच्या वर. शिवाय डिझेल इंजिन ऊर्जेचा वापर जास्त चांगला करतं, त्यामुळे प्रत्यक्षात गुणक १.७ च्या आसपास जाऊ शकतो. मग प्रोपेनचा भाव डिझेलच्या साठ टक्क्यांहून खाली असेल तरच इंधनावर काही वाचणार. तरीही बस आणि मालवाहू गाड्यांचे मोठे ताफे प्रोपेनकडे वळतात, ते देखभालीमुळे. आधुनिक डिझेलला काजळीचा फिल्टर लागतो, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं द्रावण लागतं, आणि थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत हे फिल्टर सतत तुंबतात. प्रोपेनच्या इंजिनाला पेट्रोलसारखा साधा त्रिमार्गी कॅटॅलिस्ट पुरतो. त्यामुळे डिझेलशी तुलना करताना कार्यशाळेची बिलं शेजारी ठेवल्याशिवाय निकाल लावू नये.

सीएनजी किलोने मिळतो आणि किलोमागे सुमारे ४८ मेगाज्यूल देतो. प्रोपेनचा भावही किलोवर आणला की दोघांची तुलना जवळपास सरळ होते, कारण किलोमागची ऊर्जा दोघांची जवळजवळ सारखी. फरक टाकीत आहे. सीएनजी २०० बारच्या आसपासच्या दाबाला साठवावा लागतो, तर प्रोपेनची टाकी २० अंश तापमानाला सात-आठ बारवर असते. त्यामुळे टाकी हलकी, भरणा पटकन आणि पंप उभारायला खर्च कमी.

भाव का उड्या मारतो

प्रोपेनसाठी कुणी विहीर खोदत नाही. नैसर्गिक वायू शुद्ध करताना आणि कच्चं तेल रिफाइन करताना ते सोबत निघतं. त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा झटकन वाढवता येत नाही. मागणी करणारे मात्र बरेच आहेत: थंड प्रदेशांत घरं तापवणारे, कापणीनंतर ओला मका वाळवणारे शेतकरी आणि प्रोपिलीन बनवणारे प्लास्टिक कारखाने. वाहनं या रांगेत बरीच मागे उभी असतात.

२०१३ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मका ओला निघाला आणि तो वाळवायला प्रोपेनचे साठे उपसले गेले. पाठोपाठ जानेवारी २०१४ ची कडाक्याची थंडी आली आणि भाव आकाशाला भिडले. गंमत म्हणजे टेक्सासमधल्या माँट बेल्व्ह्यू इथल्या मोठ्या साठवण केंद्राचा भाव आणि कॅन्ससमधल्या कॉनवेचा भाव तेव्हा एकमेकांपासून पार तुटले होते. देशात प्रोपेन होतं, फक्त हवं तिथे नव्हतं. माँट बेल्व्ह्यूचा भाव अमेरिकेत आधार मानतात. आशियात बऱ्याच सौद्यांना सौदी अरामको दर महिन्याला जाहीर करते तो करार-भाव लागतो, प्रोपेनचा वेगळा आणि ब्युटेनचा वेगळा. पंपावरच्या भावात यावर जहाजभाडं, साठवण, वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि कर चढतात. स्वतःचा तक्ता करताना भावाचं गुणोत्तर थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं वेगळं लिहा. नुसत्या उन्हाळ्याच्या भावावर किट घेणं म्हणजे स्वतःला फसवणं.

ताफा असेल तर

पाच-दहा गाड्या रोज एकाच आवारात परतत असतील, तर किरकोळ पंपाचा नाद सोडा. पुरवठादार अनेकदा टाकी, पंप आणि मीटर स्वतः बसवून देतात आणि बदल्यात काही वर्षांचा पुरवठा-करार घेतात. ठोक भाव किरकोळीपेक्षा बराच खाली असतो. पण करारात तीन गोष्टी वाचा. भाव कुठल्या आधारभावाला बांधलाय आणि त्यावर ठरलेली भर किती. वरची मर्यादा आहे का. आणि वर्षाला किमान किती उचल करावीच लागेल. तिसरं कलम लोक वाचत नाहीत, आणि गाड्या कमी झाल्या की तेच अंगावर येतं. टाकीतलं प्रोपेन पेट्रोलसारखं शिळं होत नाही, त्यामुळे भाव उतरल्यावर साठा भरून ठेवणं इथे खरोखर जमतं. टाकी मोठी घेण्याचं हेच सगळ्यात चांगलं कारण.

किट बसवलेली जुनी गाडी घेताना

कधी कधी सगळ्यात स्वस्त किट म्हणजे दुसऱ्याने पैसे मोजलेलं किट. गाडी गार असताना बघायला जा. पेट्रोलवर सुरू होते का, तापल्यावर स्वतःहून गॅसवर जाते का, जाताना झटका देते का, हे पाहा. मग गॅसवर चढाला नेऊन ओढ बघा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासा. नाकावर विसंबू नका. गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असला तरी डिकीतल्या बंद झाकणाखालची बारीक गळती नाकापर्यंत येत नाही. कागदपत्रांवर गॅसची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर ती चढवण्याचा खर्च आणि हेलपाटे तुमच्या वाट्याला येणार.

शेवटी स्टेपनीचा खड्डा उघडून टाकीवरची धातूची पाटी वाचा: मान्यतेचा क्रमांक, क्षमता आणि निर्मितीचं वर्ष. मुदत संपायला वर्ष-दोन वर्षं उरली असतील, तर नव्या टाकीचा खर्च सौद्यातून वजा करा. पाटी गंजून अक्षरं जात असतील किंवा तिच्यावर रंग फासलेला असेल, तर किटची किंमत शून्य धरा आणि गाडीचा भाव नुसत्या पेट्रोलच्या गाडीइतकाच सांगा.